दसऱ्यानंतर इंजिन दम का सोडतं? करंज-उंडीच्या बायोडिझेलवरची तपासणी, टाकीच्या झाकणापासून पंपापर्यंत

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या इंजिनाचा आजार हाच आहे की दुसरा, ते पहिल्या दोन मिनिटांत कळेल.

पहिला प्रकार. इंजिन सकाळी दोन-चार हँडल जास्त मागतं, पण चालू होतं. रिकामं असताना गोड चालतं. गिरणीचा पट्टा चढवला किंवा पंपाने पाणी ओढायला घेतलं, की पाच-दहा मिनिटांत आवाज खाली बसतो, पुन्हा चढतो, पुन्हा बसतो आणि शेवटी बंद. अर्धा तास थांबून हँडल मारा, जणू काही झालंच नाही असं पुन्हा चालू. आमच्याकडच्या एका गिरणीवाल्या आजोबांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं: "मशीन चालू होता, मगे धा मिनटांनी दम सोडता." याला मी उपाशी इंजिन म्हणतो. टाकीत तेल आहे, पण पोटात पोचत नाही.

दुसरा प्रकार. सुरू होताना पांढरा धूर, तापल्यावर लोडला काळा धूर, आवाजात ठकठक, सायलेन्सरच्या तोंडाशी काळे चिकट शिंतोडे. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली तर ऑइल (इंजिनाचं वंगण) खुणेच्या वर चढलेलं, नाहीतर डांबरासारखं घट्ट. हे अजीर्ण. तेल पोचतं, पण नीट जळत नाही.

सिंधुदुर्गात भात गिरण्या, पाण्याचे पंप, पॉवर टिलर आणि हॉटेलांचे जनरेटर दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. बायोडिझेलवर चालणारी इंजिनं दरवर्षी एकाच मोसमात माझ्याकडे येतात, दसऱ्यानंतर. भात कापणी होते, गिरण्या सुरू होतात, वायंगणीसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या शेतीसाठी, पाण्याचे पंप बाहेर निघतात. जूनपासून चार महिने ते इंजिन पडवीत गोणपाटाखाली असतं, टाकी अर्धी भरलेली, बाहेर कोकणातला पाऊस. आणि आलेला माणूस एकच वाक्य बोलतो: "पंप गेलाय, पंप बघ."

हा पंप म्हणजे इंजिनाला दाबाने तेल पुरवणारा इंधन पंप, आणि तो सहसा गेलेला नसतो. हे शिकायला मला एक इंजिन खर्ची घालावं लागलं. अशाच तक्रारीवर मी आधी नोझल, म्हणजे इंजिनात तेल फवारणारं टोक, बदललं, मग पंप काढून कोल्हापूरला कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून जुळवून घ्यायला, पाठवला, आठ दिवसांनी आणून बसवला. इंजिन दहा मिनिटं चाललं आणि बसलं. मग वैतागून फिल्टरची वाटी खोलली, तर आत कोकमाच्या सोलांसारखा काळा बुळबुळीत गोळा. फिल्टर दोनशे रुपयांचा होता. मालकाचा खर्च पाच आकडी झाला होता आणि त्यातला अर्धा मी परत केला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: टाकीकडून निघायचं आणि पंपाला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

आधी विचारा: टाकीत नेमकं काय आहे?

ही तपासणी फुकट आहे, फक्त खरं उत्तर मिळायला वेळ लागतो. आमच्या भागात तीन वेगळ्या गोष्टींना बायोडिझेल म्हणतात.

एक, खरं बायोडिझेल. करंजाच्या किंवा उंडीच्या बियांचं तेल मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याबरोबर साधारण ६० अंशांवर ढवळतात. ग्लिसरीन तळाला बसतं, वरचा पातळ थर वेगळा काढून धुतात आणि त्यातलं पाणी उडवतात. करंज आणि उंडी दोन्ही तेलांत आम्ल बरंच असतं, म्हणून आधी ते आम्ल उतरवायची वेगळी पायरी करावी लागते. ती गाळली की तेलाचा साबण होतो, आणि तो साबण पुढे तुमच्या फिल्टरमध्ये भेटतो.

दोन, घाण्यावरचं कच्चं तेल. घाण्यावरून आणलं, फडक्यातून गाळलं, टाकीत ओतलं. डिझेलचा दाटपणा ४० अंशांवर २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो, चांगल्या बायोडिझेलचा ४ ते ५ च्या घरात. करंजेलाचा ४० च्या आसपास, म्हणजे दहापट, आणि उंडेल त्याहून दाट. नोझलच्या भोकातून तेलाचं धुकं निघायला हवं. कच्चं तेल पिचकारीसारखी धार मारतं. ती धार पिस्टनवर आपटते, अर्धी जळते, अर्धी भाजून कोळसा होते.

यावर हमखास वाद होतो. "अरे, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं होतं, आणि माझं करंजेलावर का चालू नये?" चालवलं होतं हे खरं. पण तेव्हाची इंजिनं धिप्पाड आणि संथ होती आणि त्यांत तेल दाबाखालच्या हवेच्या झोताने फवारलं जायचं. तुमचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेतं आणि केसाएवढ्या भोकांतून तेल मारतं. आणखी एक दाखला लोक देतात, शताब्दीचा. ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी बायोडिझेलवर धावली, हेही खरं. त्या इंधनात बायोडिझेल ५ टक्के होतं, बाकी डिझेल. हा दुसरा आकडा सांगायला सगळे विसरतात.

तीन, रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारं, बायोडिझेल नावाचं काहीही. ते कशाचं केलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. बायोडिझेलच्या किरकोळ विक्रीसाठी केंद्राने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि शुद्ध बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे. विकणाऱ्याकडे त्या मानकाचा चाचणी अहवाल मागा. "साहेब, गाडी चालते ना?" असं उत्तर आलं तर कॅन रिकामा घेऊन घरी या.

टाकीत दुसरा प्रकार असेल तर खालचं फिल्टर-पुराण नंतर वाचा, आधी डिपस्टिकच्या भागाकडे जा. तुमचा आजार बहुधा अजीर्णाचा आहे.

झाकण

इंजिन चालू करून लोडवर ठेवा. दम सोडायला लागलं की लगेच टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. तेल खाली जातं तशी वरून हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि तेल अडतं. चार महिने पडून असलेल्या इंजिनात कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचं घर केलेलं मी तीनदा पाहिलंय. याचा बायोडिझेलशी काडीचा संबंध नाही, पण तपासायला अर्धं मिनिट लागतं. बारीक तारेने साफ करा.

बाटली

टाकीच्या तळातून ड्रेन उघडून पाव लिटर तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या. वरून घेतलेला नमुना नेहमी सुंदर दिसतो, घाण तळाला असते. ड्रेन नसेल तर हातपंपाने काढा. नळी तोंडाने ओढू नका. करंजेल, उंडेल पोटात जाऊ देण्याची गोष्ट नाही, आणि अर्धवट बनवलेल्या बायोडिझेलमध्ये मिथेनॉल राहिलेलं असू शकतं, ज्याने डोळे जातात.

बाटली रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी तळाला पाण्याचा वेगळा थर, पाणी आणि तेलाच्या मधोमध करड्या सायीसारखा पडदा किंवा गडद चिकट थेंब दिसतात का ते बघा. बायोडिझेल डिझेलपेक्षा बरंच जास्त पाणी धरतं. मानकात किलोला ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं, आणि पावसाळ्यात अर्ध्या टाकीत रोज रात्री जमणारं दव ती मर्यादा सहज ओलांडतं. पाणी आणि तेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात. तो सायीसारखा पडदा त्यांचाच.

अजून तीन घरगुती परीक्षा आहेत. प्रत्येकीतून वेगळी गोष्ट कळते.

तव्याची. तवा तापवा, चुलीवरून उतरवून अंगणात न्या आणि त्यावर दोन थेंब टाका, थेंबाहून जास्त नाही. फोडणीसारखं तडतडलं तर पाणी आहे. ही परीक्षा फक्त शुद्ध बायोडिझेलची. डिझेल मिसळलेलं असेल किंवा मिथेनॉलचा वास येत असेल तर करू नका, भडका उडेल.

पाण्याची. अर्धी बाटली नमुना, अर्धी बाटली साधं पाणी, झाकण लावून दहा सेकंद जोरात हलवा. चांगलं बायोडिझेल अर्ध्या तासात पाण्यापासून स्वच्छ सुटतं. मधे ताकासारखा पांढरा थर राहिला तर साबण आहे किंवा तेल अर्धंच झालेलं आहे. असं इंधन बनवणाऱ्याला परत करा, कितीही फिल्टर बदललेत तरी ते सुधारणार नाही.

काचेची. पाण्याच्या परीक्षेत कच्चं तेल चक्क पास होतं, कारण तेही पाण्यापासून छान सुटतं. म्हणून खिडकीची जुनी काच तिरकी धरा, एका टोकाला डिझेलचा थेंब आणि शेजारी नमुन्याचा थेंब सोडा. खरं बायोडिझेल जरासं मागे राहील. कच्चं तेल सुरुवातीच्या रेषेशीच रेंगाळेल. पावती, दाखला काही नसलेल्या तेलाचं खरं रूप मला या शर्यतीतच दिसतं.

फिल्टर, आणि त्यातली घाण वाचायची कशी

उपाशी इंजिनांपैकी निम्म्याहून जास्त माझ्याकडे इथेच बरी होतात. फिल्टर बदला, पण जुना फेकू नका. पत्र्याची कात्री घ्या, हातमोजे घाला, कापून कागद उलगडा आणि उजेडात बघा. कागदावर काय चिकटलंय त्यावरून पुढचा खर्च ठरतो.

काळी कोरडी काजळी, बोटाला भुकटीसारखी. ही बायोडिझेलची घाण नव्हे. तुमच्याच टाकीत आणि नळ्यांत पंधरा वर्षं डिझेलने बसवलेला थर आहे, बायोडिझेलने तो सोडवला. बायोडिझेल चांगलं विरघळवणारं आहे, टाकीबाहेर सांडलं तर रंगसुद्धा मऊ करतं. जुनं इंजिन नव्याने बायोडिझेलवर आणलं की पहिल्या दोन-तीन टाक्यांत असं होणारच. दोन जादा फिल्टर आधीच आणून ठेवा, ते संपेपर्यंत टाकी स्वच्छ झालेली असते. लोक नेमके या टप्प्यावर बायोडिझेलला शिव्या देऊन सोडतात, आणि मला त्यांची कीव येते, कारण त्रास संपत आलेला असतो.

तपकिरी, मऊ, साबणाच्या वडीचा तळ ओला राहिल्यावर होतो तसा लगदा. हा साबण किंवा ग्लिसरीन, म्हणजे बनवतानाच धुणं नीट झालं नाही. फिल्टर बदलून उपयोग नाही, उद्या पुन्हा भरेल. इंधन बदला.

बुळबुळीत, लाळेसारखं, आंबूस वासाचं. हे जंतू. पाणी काढलं नाही तर आठवड्यात परत येतात. टाकी धुवावी लागेल.

फणसाच्या चिकासारखं, बोटाला लागलं की सुटत नाही असं. हे शिळं झालेलं इंधन. वनस्पती तेलापासून केलेलं इंधन हवा, उष्णता आणि पाणी लागून खवट होतं आणि पुढे चिकट राळ होते, देवघरातल्या समईच्या कडेला तेलाचं किटण धरतं तसं. हा चीक फिल्टरपर्यंत पोचला असेल तर पंपाच्या आतही थोडा गेला असणार. इंधन टाकून द्या, शुद्ध डिझेल भरून इंजिन बिनलोड अर्धा तास चालवा आणि मग बघा.

पांढरट मेणासारखा थर आमच्याकडे जवळपास दिसत नाही. घाटावर डिसेंबरच्या पहाटे दिसतो, विशेषतः तळणीच्या जुन्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलमध्ये, कारण त्यात पामतेल असतं आणि ते थंडीत गोठतं. ऊन चढलं की आपोआप जातो. थंडीत डिझेलचं प्रमाण वाढवलं की प्रश्न मिटतो.

नवा फिल्टर बसवला की एअर काढायला विसरू नका. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून हँड प्रायमर (हाताने तेल ढकलायचा छोटा पंप) मारत राहा, फेस थांबून सलग तेल आलं की आवळा. फिल्टर बदलल्यावर इंजिन सुरूच होत नाही म्हणून येणाऱ्या फोनांपैकी बहुतेकांत एवढंच राहिलेलं असतं.

नळ्या

फिल्टर स्वच्छ आहे आणि तरी इंजिन उपाशी आहे, तर टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी दोन बोटांत दाबत जा. पिकल्या चिकूसारखी लागली तर ती फुगलीय. साधं रबर आणि जुन्या इंजिनातलं नायट्राइल रबर शुद्ध बायोडिझेलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. बाहेरून नळी जाड, धडधाकट दिसते, पण फुगवटा आतल्या बाजूला असतो आणि भोक बारीक होत जातं. काढून तोंडाजवळ न नेता हवेच्या पंपाने फुंकर मारून बघा. अशी नळी कापून पाहिली तेव्हा आत भाताचं शीत जेमतेम जाईल एवढी वाट उरलेली होती, आणि मालक म्हणत होता, "नळी तर नवीनच आहे." व्हायटॉनची, म्हणजे बायोडिझेलमध्ये टिकणाऱ्या रबराची, नळी महाग मिळते, पण लागते दोन हातच. सील आणि ओ-रिंगही त्याच जातीचे घ्या.

दुसरा चकवा हवेचा. नळीला चीर असली तर तेल बाहेर गळेलच असं नाही, कारण टाकीतून तेल आणणारा फीड पंप ओढतो तेव्हा त्या चिरेतून हवा आत जाते. फिल्टरनंतरच्या कमी दाबाच्या भागात वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा आणि इंजिन चालू असताना बुडबुडे जातात का ते बघा. बुडबुडे दिसले तर टाकीकडे एकेक जोड तपासत मागे जा. बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) जुने वॉशर पुन्हा वापरू नका, नवे पाच-दहा रुपयांत येतात.

एका गोष्टीवर मी हटून बसतो. तांब्याची लांब नळी, पितळी जाळी आणि जस्त चढवलेल्या पत्र्याची टाकी बायोडिझेलला नको. हे धातू त्याला लवकर खवट करतात. वॉशरएवढं तांबं चालून जातं. नळी असेल तर लोखंडी करून घ्या.

टाकी

वरचं सगळं करूनही फिल्टर आठवड्यात भरत असेल तर टाकी उतरवा. पूर्ण रिकामी करा, थोडं डिझेल घालून हलवून धुवा, तळ सुती फडक्याने पुसा. कापूस किंवा सुटे धागे निघणारं बोचकं नको, तेच पुढे फिल्टरमध्ये जातात. गंज सुटत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, टाकी बदला. तेलाने भिजलेली फडकी कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका. वनस्पती तेलाची फडकी ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर सुटी वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

धुतल्यावर भरताना मिश्रणाचा विचार करा. आपल्या साध्या डिझेलच्या मानकातच ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला परवानगी आहे. माझ्या गिऱ्हाइकांत २० टक्क्यांपर्यंत चालवणाऱ्यांची तक्रार क्वचित येते. शुद्ध बायोडिझेल चालवायचं तर नळ्या, सील, फिल्टर आणि ऑइल या सगळ्याची जबाबदारी घ्यायची तयारी हवी.

डिपस्टिक

अजीर्णाची लक्षणं असतील तर नोझलला हात लावण्याआधी ही काढा. इंजिन सपाट जागी, थंड, बंद. पुसून पुन्हा बुडवून काढा.

ऑइलची पातळी वाढलेली असेल तर न जळलेलं तेल पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरलं आहे. डिझेल असं उतरलं तर गरम ऑइलमधून त्यातलं बरंचसं उडून जातं. बायोडिझेल आणि कच्चं तेल उडत नाही, साचत जातं. आधी ऑइल पातळ होतं आणि पुढे तेच तेल बिघडून ते घट्ट होतं, शेवटी गुळाच्या पाकासारखं. पातळ असो वा घट्ट, बेअरिंगला दोन्ही मारकच.

पातळी खुणेच्या वर असेल तर इंजिन सुरू करू नका, एकदाही नाही. वाढलेलं ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) हवेच्या वाटेने आत ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळतं. डिझेलचा कॉक बंद केला तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. असं झालंच तर हवेच्या तोंडावर जाड फळी किंवा घडी केलेलं ओलं गोणपाट दाबून हवा तोडायची. हात लावायचा नाही, आणि फ्लायव्हीलच्या रेषेत उभं राहायचं नाही. फळी नीट बसेना तर बाहेर पळा. इंजिन गेलं तर दुसरं आणता येतं.

ऑइल बदला, ऑइल फिल्टर बदला, आणि शुद्ध बायोडिझेल चालवत असाल तर पुढच्या वेळी नेहमीच्या निम्म्या तासांवर बदला. आठ दिवसांत पातळी पुन्हा चढली तर रिंग किंवा नोझल गेलंय.

नोझल

हातात स्पॅनर धरायची सवय असेल तरच पुढे जा. नोझल काढून टोक बघा. फुलकोबीसारखा कोळशाचा गड्डा बसला असेल तर तेल दाट होतं किंवा नोझल टपकत होतं. डिझेलमध्ये भिजवा आणि मऊ पितळी ब्रशने बाहेरून साफ करा. भोकात सुई किंवा तार घालू नका. भोक एका बाजूने घासलं की धार तिरकी जाते आणि पिस्टनला भोक पाडते. मग माझ्या दुकानात पिस्टन टेबलावर ठेवून माणूस विचारतो, हे कसं झालं?

नोझल चांगलं की वाईट हे डोळ्यांनी ठरत नाही. टेस्टरवर लावून दाब बघावा लागतो. छोट्या एका सिलिंडरच्या इंजिनांत तो साधारण २०० बारच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात मिळेल. दाब येईपर्यंत टोक कोरडं राहायला हवं, मग एकदम किर्र आवाजाने सारखं धुकं. टपकलं तर नोझल बदला.

टेस्टर नसताना काहीजण नोझल बाहेर काढून पाइप जोडतात आणि हातासमोर फवारा मारून बघतात. ही धार कातडी फोडून आत जाते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आत तेल पसरतं आणि काही तासांत बोट जाऊ शकतं. असं झालं तर दवाखाना गाठा, त्याच क्षणी, आणि "दाबाखालचं डिझेल आत गेलंय" हेच शब्द डॉक्टरला सांगा.

इथे थांबा

फिल्टर, नळ्या, टाकी, ऑइल सगळं झालं, नोझल टेस्टरवर पास झालं, आणि तरी इंजिन लोड घेत नाही. आता पंप. आता मात्र हात आखडता घ्या. पंपाच्या एलिमेंटमधली, म्हणजे दट्ट्या आणि त्याच्या नळीमधली, जागा केसाहूनही बारीक असते, आणि पडवीत खोललेला पंप परत जुळल्याचं मी पाहिलेलं नाही. तो कॅलिब्रेशन बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच द्या. चांगलं बायोडिझेल पंपाला मानवतं, त्याची वंगणशक्ती आजच्या कमी गंधकाच्या डिझेलपेक्षा बरी असते. पंप खरंच बिघडला असेल तर कारण पाणी, चीक किंवा कच्चं तेल असतं. ते काढलं नाहीत तर दुरुस्त पंपही याच वाटेने जाईल.

कॉमन रेलची (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून तेल देणारी) पिकअप किंवा नवा ट्रॅक्टर असेल तर फिल्टर बदलून पाणी काढण्यापलीकडे काहीही स्वतः करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर असतो, चालू इंजिनाचा पाइप सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ. वॉरंटी असेल तर कंपनी किती टक्के बायोडिझेल मान्य करते ते पुस्तकात आधी बघा.

कॉम्प्रेशन कमी लागत असेल, म्हणजे हँडल हलकं फिरतंय, ऑइल भरायच्या तोंडातून धूर येतोय, तर हेड उघडणारा मेस्त्री बोलवा. रिंगा खाचेत चिकटलेल्या असणार. वरून कुठलं औषध ओतून त्या सुटत नाहीत.

आणि ज्याला बिघाड समजू नये ते: बायोडिझेलमध्ये लिटरमागे उष्णता डिझेलपेक्षा साधारण आठ-दहा टक्के कमी असते. पूर्ण लोडला इंजिन जरा सुस्त वाटेल, तेल थोडं जास्त पिईल, धुराला तळणीचा वास येईल. यासाठी मला बोलवू नका.

पंपवाल्याकडे जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: कापलेला जुना फिल्टर पिशवीत, तळाच्या नमुन्याची बाटली, आणि कागदावर इंजिन शेवटी किती तास कुठल्या तेलावर चाललं ते. मी कोल्हापूरला तो पहिला पंप पाठवला तेव्हा यातलं काहीच दिलं नव्हतं.

जूनमध्ये अर्धा तास

इंजिन पडवीत टाकण्याआधी टाकीतलं बायोडिझेल वापरून संपवा. शुद्ध डिझेल भरून इंजिन अर्धा तास चालवा, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये बायोडिझेल उरत नाही. मग टाकी डिझेलने काठोकाठ भरा, दवाला जागाच ठेवू नका. उरलेलं बायोडिझेल गच्च बंद प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, अंधारात ठेवा आणि त्यावर तारीख लिहा. चार-पाच महिन्यांवर झालं असेल तर बाटली-परीक्षा केल्याशिवाय टाकीत ओतू नका.

दम सोडणाऱ्या मशीनवाल्या आजोबांनी गिरणीच्या खिडकीत अशी बाटली कायमची ठेवली आहे. प्रत्येक नव्या कॅनचा नमुना तिच्यात रात्रभर बसतो. मागच्या दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला तो पट्टा तुटला म्हणून.